पदरमोड : नोकरीतला खर्च कोणी सोसावा?

मराठीत ‘पदरमोड’ हा एक फार बोलका शब्द आहे. दुसऱ्याचे काम करताना आपल्या पदरचा पैसा घालणे म्हणजे पदरमोड. लग्नकार्यात, गणेशोत्सवात, वाचनालयाच्या कामात पदरमोड करणारा गृहस्थ चार लोकांच्या आदरास पात्र ठरतो, आणि ते योग्यच आहे. परंतु हाच गृहस्थ दुसऱ्या दिवशी नोकरीवर जातो, आणि तेथेही त्याला पदरमोड करावी लागते. तिचे स्वरूप मात्र अगदी निराळे असते. वाळूजच्या एखाद्या कारखान्यात यंत्राचा लहानसा भाग मोडतो. पर्यवेक्षक म्हणतो, “अरे, घरी जाता जाता मोंढ्यातून तेवढा घेऊन ये, पैसे मागाहून देतो.” कामगार तो भाग आणतो, पावती खिशात ठेवतो, आणि महिनाअखेर ती पावती धुण्याबरोबर धुतली जाते. रक्कम दीडदोनशे रुपयांची. मागायला संकोच वाटतो. पुढच्या महिन्यात तोच प्रकार पुन्हा घडतो.

या संकोचाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. आपण काही जास्तीचे मागत आहोत, असे त्या कामगाराला वाटते. वस्तुतः तो काहीच जास्तीचे मागत नसतो. पगार ही श्रमाची किंमत. आणि कामासाठी केलेला खर्च परत मिळणे म्हणजे आपलाच पैसा आपल्याकडे येणे. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर तो कामगार आपल्या मालकाला बिनव्याजी कर्ज देत असतो. कर्ज देणाराने ओशाळावे आणि घेणाराने निर्धास्त असावे, असा हा उलटा व्यवहार आहे.

पगार आणि खर्चाची भरपाई या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या म्हणजे काय गोंधळ होतो, याचा एक जुना दाखला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात जो ‘बट्टा’ आढळतो तो म्हणजे आपला भत्ताच. फौज मुलुखगिरीवर निघाली की अधिकाऱ्यांना तंबू, सामानसुमान, नोकरचाकर यांचा खर्च पडे. तो भागविण्यासाठी हा बट्टा. प्लासीच्या लढाईनंतर मीर जाफराने बंगालमधील गोऱ्या अधिकाऱ्यांना दुप्पट बट्टा दिला, आणि बघता बघता खर्चाची ही भरपाई त्यांना पगाराचाच भाग वाटू लागली. क्लाइव्हने १ जानेवारी १७६६ पासून तो दुप्पट बट्टा बंद केला, तेव्हा अधिकाऱ्यांनी एकदम राजीनामे देण्याचा कट केला. क्लाइव्हने तो मोडून काढला. पुढे १८२८ मध्ये बेंटिंकने काही ठाण्यांवरील बट्टा अर्ध्यावर आणला, त्या वेळीही असाच गदारोळ उठला आणि बेंटिंक आपल्याच अधिकाऱ्यांत कमालीचा अप्रिय झाला. भांडणाचे मूळ दोन्ही वेळा एकच होते. देणारा म्हणे, हा खर्चासाठी दिलेला पैसा आहे. घेणारा म्हणे, हा माझा पगार आहे.

आज आपल्याकडे हे भांडण दोन्ही दिशांनी चालते. कधी मालक पगारालाच भत्त्याचे नाव देतो, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता लहान होतो. कधी तो खर्च पगारातच समाविष्ट आहे असे म्हणतो, म्हणजे पेट्रोल कामगाराच्या खिशातून जाते. पहिल्या युक्तीला न्यायालयाने बराच आळा घातला आहे. विवेकानंद विद्यामंदिर या शाळेच्या व इतर काही आस्थापनांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी निर्णय दिला, की जो भत्ता सरसकट सर्वांना नेहमी दिला जातो तो मूळ वेतनाचाच भाग समजून त्यावर निधीची वर्गणी भरली पाहिजे. दुसरी युक्ती मात्र फारशी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. आजचा आपला विषय तीच आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या करताना काही रकमा मुद्दाम बाहेर ठेवल्या होत्या. त्यांत प्रवासभत्ता होता, आणि कामाच्या स्वरूपामुळे नोकराला जो विशेष खर्च पडतो तो भागविण्यासाठी दिलेली रक्कमही होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा वेतन संहिता, २०१९ हिने घेतली. नव्या संहितेतही वाहतूक भत्ता आणि हा विशेष खर्च हे दोन्ही वेतनाच्या व्याख्येबाहेरच आहेत. त्यातून एक लाभ होतो. खर्चाची भरपाई वेतन नसल्यामुळे ती पगारात मिळवून “मी किमान वेतन देतो” असे मालकाला दाखवता येत नाही. शिवाय अशा वगळलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर वरचा भाग वेतनातच धरावा, असेही संहितेने सांगितले आहे.

तथापि या तरतुदीत एक खाचखळगा आहे, आणि तो सामान्य नोकरदाराने नीट समजून घेतला पाहिजे. पगार थकला तर संहितेनुसार नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि प्राधिकारी थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई देववू शकतो. हे हत्यार मोठे आहे. परंतु ते ‘वेतना’साठी आहे. वेतन देण्याच्या प्रयोजनापुरते संहितेने वाहतूक भत्ता, घरभाडे भत्ता, जादा कामाचा मोबदला अशा काही रकमा पुन्हा वेतनात आत घेतल्या आहेत. विशेष खर्चाची रक्कम मात्र आत घेतलेली नाही. म्हणजे शब्दांकडे पाहता स्थिती अशी : नेमणूकपत्रात ‘दरमहा इतके रुपये वाहतूक भत्ता’ असे लिहिले असेल आणि तो थकला, तर या प्राधिकाऱ्याचा दरवाजा उघडा आहे. परंतु मोंढ्यातून आणलेल्या त्या यंत्रभागाचे दीडशे रुपये तेथे मागता येणार नाहीत. जी रक्कम सर्वांत निर्विवादपणे कामगाराची, तिलाच हा जवळचा दरवाजा बंद!

मग तिचा आधार कोणता? तो शोधण्यासाठी कामगार कायद्यांतून उठून दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कायद्याकडे जावे लागते. भारतीय करार अधिनियम १८७२ चा आहे. त्यात मालक आणि मुखत्यार, म्हणजे आपल्या वतीने काम करणारा मनुष्य, यांच्या नात्याविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. कलम २२२ सांगते, की मुखत्याराने त्याला दिलेल्या अधिकारात राहून जी कायदेशीर कृत्ये केली त्यांच्या परिणामांपासून त्याला तोशीस लागू न देणे मालकावर बंधनकारक आहे. कलम २१७ त्याहून पुढे जाते : मालकाच्या वतीने वसूल केलेल्या पैशातून मुखत्याराने आपण केलेला वाजवी खर्च ठेवून घ्यावा, अशी मुभा ते देते. मालकाच्या सांगण्यावरून बाजारात जाऊन मालकासाठी खरेदी करणारा कामगार त्या खरेदीपुरता मुखत्यारच होय. (येथे सावधगिरीचा एक शब्द. कलम २१७ वाचून कोणी वसुलीच्या रोकडीतून आपले पेट्रोल परस्पर वळते करू नये. लेखी परवानगीवाचून तसे केले की हक्काच्या गोष्टीला अफरातफरीचा रंग चढवायला वेळ लागत नाही.) जर्मनीच्या नागरी संहितेत, जी १९०० पासून अमलात आहे, कलम ६७० हे याच वळणाचे आहे : काम सोपविलेल्या माणसाने परिस्थिती पाहून जो खर्च आवश्यक मानला, तो काम सोपविणाराने भरून द्यावा. तेथील न्यायालये हे तत्त्व नोकरांनाही लावत आली आहेत.

करार अधिनियमाचे कलम ७० तर मला अधिकच महत्त्वाचे वाटते. एकाने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले, फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाराने मोबदला दिला पाहिजे, असे ते म्हणते. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल आणि पुत्र या प्रकरणात एका ठेकेदाराने अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून सरकारसाठी बांधकामे केली होती; परंतु कायद्याला हवा तसा करार झालेला नव्हता. डिसेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की करार नसला तरी सरकारने बांधकामे वापरली आहेत, सबब पैसे द्यावेत. मात्र त्याच वेळी एक मर्यादाही घालून दिली : लाभ नाकारण्याची संधी दुसऱ्याला असली पाहिजे, कोणी कोणावर उपकार लादून पैसे मागू शकत नाही. कचेरीतील खुर्च्या बऱ्या नाहीत म्हणून एखाद्या कारकुनाने मनाने नव्या आणल्या, तर मालक “घेऊन जा” म्हणू शकतो. पण त्या ठेवून घेतल्या, महिनोन् महिने त्यांवर माणसे बसवली, आणि मग “तुला कोणी सांगितले होते?” म्हटले, तर ते चालणार नाही.

आता कोणता खर्च कामाचा आणि कोणता आपला, हा प्रश्न येतो. घरापासून कामापर्यंतचा प्रवास हा सामान्यतः ज्याचा त्याचा. सिडकोतून चिकलठाण्याला किंवा शेंद्र्याला जाण्याचे भाडे, करारात वेगळे काही नसेल तर, कामगारानेच सोसायचे. परंतु एकदा कामावर हजर झाल्यावर चिकलठाण्याहून वाळूजला माल पोहोचविण्यासाठी पाठवले, तर तो फेरा मालकाचा. धुवट, नीटनेटके कपडे घालून यावे ही अपेक्षा आपल्या खर्चाची. विशिष्ट रंगाचा, छातीवर बोधचिन्ह असलेला, अन्यत्र कोठेही घालता न येणारा गणवेश ही वस्तू मालकाच्या धंद्याची. आणि सुरक्षेची साधने, म्हणजे हातमोजे, चष्मे, शिरस्त्राण, यांबद्दल तर वादच नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच अशा साधनांचे पैसे कामगाराकडून घेण्यास मनाई केली होती, आणि आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने ती मनाई पुढे चालविली आहे.

अलीकडे अवघड झालेली गोष्ट म्हणजे दूरध्वनी. फोन आपला, त्यावर घरच्यांशीही बोलणे होते, महिन्याचे शुल्क ठरावीक असते. मालकाने दिवसातून चाळीस फोन करायला लावले तरी बिल एका पैशाने वाढत नाही. मग भरपाई कशाची? हाच युक्तिवाद अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात केला गेला. तेथील कामगार संहिता १९३७ ची असून तिचे कलम २८०२ काम करताना झालेला आवश्यक खर्च मालकाने भरून द्यावा असे स्पष्ट सांगते. २०१४ मध्ये कॉकरन विरुद्ध श्वान्स होम सर्व्हिस या खटल्यात तेथील अपील न्यायालयाने निर्णय दिला, की खासगी फोन कामासाठी वापरणे भागच असेल, तर बिल वाढले की नाही, ते घरातल्या कोणी भरले, या चौकशीत शिरण्याचे कारण नाही. बिलाचा वाजवी हिस्सा मालकाने दिलाच पाहिजे. त्यामागील विचार सरळ आहे. तसे न केले तर मालकाचा चालू खर्च नोकराच्या अंगावर जातो आणि मालकाला आयता लाभ होतो. आपल्याकडे असे स्वतंत्र कलम नाही. तरीही वाटाघाटीला बसणाऱ्या संघटनांनी हा युक्तिवाद जवळ बाळगावा.

वाहनाचा हिशेब मात्र आपल्या लोकांना चांगला समजतो, निदान समजायला हवा. औषध कंपनीचा प्रतिनिधी घ्या. त्यांच्या व्यवसायात गावांचे ‘हेडक्वार्टर’, ‘एक्स-स्टेशन’ आणि ‘आउट-स्टेशन’ असे प्रकार असतात आणि त्याप्रमाणे दैनिक भत्ता बदलतो. समजा, संभाजीनगरात राहणारा प्रतिनिधी महिन्यातून पंचवीस दिवस, कधी पैठण, कधी गंगापूर, कधी शहरातच, सरासरी पन्नास किलोमीटर दुचाकी चालवतो. महिन्याला साडेबाराशे किलोमीटर झाले. गाडी लिटरला पन्नास किलोमीटर देते आणि पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले, तर नुसत्या पेट्रोलचे अडीच हजार रुपये. कंपनी किलोमीटरला दोन रुपये देत असेल तर हिशेब तंतोतंत जुळला, असे वाटते. पण टायर झिजले ते? ऑइल, विमा, दुरुस्ती? वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धावलेली गाडी चार वर्षांनी विकायला काढली की तिची काय किंमत येते? हा सगळा घसारा प्रतिनिधीच्या पदरचा. म्हणून किलोमीटरचा दर ठरवताना पेट्रोलपंपावरचा फलक पाहून भागत नाही.

आपल्या पेठांतून रोज संध्याकाळी दुकानादुकानांत फिरणारे पिग्मी एजंट सर्वांच्या परिचयाचे आहेत. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेली ही योजना पुढे इतर बँकांनी आणि आपल्या पतसंस्थांनी उचलली. एजंट कमिशनवर काम करतो. पायपीट, सायकल, दुचाकी हे सगळे त्याचे. बँकांचे म्हणणे असे, की हे स्वतंत्र व्यावसायिक आहेत, आमचे नोकर नव्हेत. हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणाने १९८८ मध्ये ते अमान्य केले. एजंटांना किमान मोबदला, उपदान आणि वाहतूक भत्ता द्यावा असा निवाडा त्याने दिला. भत्त्याची रक्कम ठेवींच्या प्रमाणात महिन्याला ५० किंवा १०० रुपये. बँका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, आणि फेब्रुवारी २००१ मध्ये न्यायालयाने एजंट हे कामगारच आहेत असे सांगून निवाडा कायम केला. या पन्नास-शंभर रुपयांना कोणी हसेल. परंतु तेवढ्यासाठी बारा वर्षे लढाई चालली, कारण रकमेच्या मागे तत्त्व होते : बँकेसाठी झिजवलेल्या चपला बँकेच्या हिशेबात आल्या.

न्याय कोठे मागावा, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. ज्यांची गणना ‘कामगारां’त होते, आणि त्यांत विक्री प्रतिनिधी व पत्रकारही येतात, त्यांना मालकाकडून येणे असलेली, पैशांत मोजता येणारी रक्कम औद्योगिक न्यायाधिकरणाकडून ठरवून घेता येते. पूर्वी हे औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ३३-सी(२) खाली होत असे. आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या कलम ५९ मध्ये ती सोय आहे. पण १९९४ मध्ये गणेश रझाक यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कलमाविषयी जे सांगितले ते विसरू नये : ही वाट ठरलेल्या हक्काची वसुली करण्यासाठी आहे; हक्कच वादग्रस्त असेल तर तो आधी सिद्ध करून यावे लागते. इतरांना दिवाणी न्यायालय आहे. दुसऱ्यासाठी भरलेल्या पैशाच्या दाव्याला १९६३ च्या मुदत अधिनियमाप्रमाणे पैसे भरल्या दिवसापासून तीन वर्षांची मुदत असते.

या सर्व वाटा कागदावरून जातात. दीडशे रुपयांसाठी कोणी वकील करणार नाही, हे मालकही जाणतो. म्हणून खरे काम खर्च करण्यापूर्वीच होते. प्रत्येक नोकराला नेमणूकपत्र मिळालेच पाहिजे, हे आता २०२० च्या सुरक्षा संहितेने बंधनकारक केले आहे. ते हाती घेताना पगाराचा आकडा पाहून घडी घालू नये. प्रवास, फोन, हत्यारे यांविषयी त्यात काय लिहिले आहे ते वाचावे, आणि काहीच नसेल तर तेथल्या तेथे विचारावे. खर्च सांगितला गेला की भ्रमणध्वनीवर एका ओळीचा संदेश पाठवून होकार घ्यावा. पावतीचे छायाचित्र त्याच दिवशी काढावे. आणि शक्य तेथे आगाऊ उचल मागावी. कारण उचल मागितली की पैसा कोणाचा आहे हा प्रश्न आपोआप सुटतो.

ज्याचा पगार चांगला आहे तो या गोष्टीकडे काणाडोळा करू शकतो. किमान वेतनावर असलेल्या माणसाला ते परवडत नाही. अमेरिकेच्या १९३८ च्या संघीय कायद्याखालील नियम असा, की किमान वेतन नोकराच्या हाती निर्वेधपणे पडले पाहिजे. हत्यारांच्या वा साधनांच्या खर्चामुळे ते त्याखाली जाता कामा नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणे ही संविधानाच्या अनुच्छेद २३ मध्ये निषिद्ध असलेली वेठबिगारीच आहे असे म्हटले. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर मला असे वाटते, की किमान वेतनातून पेट्रोल घालायला लावणारा मालक कागदावर पूर्ण वेतन देत असला तरी व्यवहारात ते देत नाही. हा माझा तर्क आहे. पण तो कोणी खोडून दाखवावा.

आणि ज्यांना वेतनच नाही, नुसते ‘मानधन’ आहे, त्यांचे काय? अंगणवाडी सेविका शासनाची पदे धारण करीत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने अमीरबी प्रकरणात २००६ मध्ये म्हटले होते. २५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन भारिया यांच्या प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत असा निर्णय दिला. या दोन निर्णयांच्या मधल्या काळात महाराष्ट्रात एक घटना घडली. पोषण अभियानाच्या नोंदींसाठी सेविकांना सरकारने मोबाइल संच दिले होते. हमीची मुदत सरली. संच तापू लागले, बंद पडू लागले, त्यांत माहिती मावेना. दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर पडू लागला, आणि नवे ‘पोषण ट्रॅकर’ हे साधन इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी ते संच उचलले आणि प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले.

लष्कराच्या भाकरी भाजण्याची सवय असलेल्या बायकांनी हे करावे, याचे तेव्हा पुष्कळांना आश्चर्य वाटले. मला त्यात कलम ७० दिसते. मुलाचे वजन, उंची, आहार यांची नोंद सेविका कायदेशीरपणे करते. स्वतःच्या पैशाने दुरुस्त केलेल्या वा स्वतःच विकत घेतलेल्या फोनवरून ती नोंद पाठवताना फुकट देण्याचा तिचा हेतू नसतो. राहिली तिसरी अट, लाभ नाकारण्याची संधी. ती सरकारला रोज असते. नोंद मात्र रोज घेतली जाते.